गोदूमावशी गुडघेसुख

सुकी मासळी विकायची तर तोंड खमकं लागतं. भाव करायला लागतंच, पण त्याच्याही आधी खायला लागतं. दातिवऱ्याच्या गोदूबाईचा तसा नियमच होता, आणि तो तिच्या आयपासून चालत आलेला. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की टोपलीतला एक बोंबील उचलायचा, कटकन मोडायचा, अर्धा कच्चाच आपल्या तोंडात टाकायचा आणि उरलेला अर्धा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. आधी आपल्या तोंडात, मग दुसऱ्याच्या पिशवीत. दुसरं बोलणं त्यानंतर.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? तर त्याला कारण आहे. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकले की माशा येणारच. ज्याला सचोटीने धंदा करायचाय तो दिवसभर उन्हात उभा राहून माशा हाकलतो. आणि ज्याला घाई आहे तो किडे मारायची पावडर भुरभुरवतो आणि घरी जाऊन झोपतो. माशी फिरकत नाही, माल कसा झकास पांढरा दिसतो, आणि खाणाऱ्याच्या पोटाचं काय ते त्याच्या नशिबाने बघून घ्यावं! असला माल विकणारी बाई स्वतःचा बोंबील तोंडात घालील? मेली तरी घालणार नाही. म्हणून सफाळ्याच्या बाजारात जुनी गिऱ्हाइकं नव्या बाईला हटकून म्हणायची, "आधी तुम्ही खाऊन दाखवा." गोदूबाईला मात्र चाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. तिची आय म्हणायची, "ज्या बोंबलावर माशी बसत नाय, त्या बोंबलाला मानसाने हात लावू नये." गोदूबाईने ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं.

तिला पोटचं मूल नव्हतं. नवरा वामन होडीवर जायचा, तोही बारा वर्षांपूर्वी गेला. धाकटी बहीण बाळंतपणात गेली तेव्हा तिचं दीड महिन्याचं पोर गोदूबाईने पदरात घेतलं. तोच निमेश. त्याला तिने तळहाताच्या फोडासारखा जपला, पण आई म्हणायला कधी शिकवलं नाही. मेलेल्या बहिणीचा हक्क आपण कशाला मारा, असं तिचं म्हणणं. कुणी विचारलं, "तुमचा मुलगा का?" तर ती लगेच सांगायची, "माज्या बहिनीचा हाय." निमेश मोठा झाला, शिकला, तारापूरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागला, हिमानीशी लग्न करून सालवडला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. हिमानीची आई, माई, त्यांच्याकडेच असायची. गोदूबाईला दातिवरं सोडवत नव्हतं. ती राहिली.

राहिली खरी, पण गुडघे राहीनात. चाळीस वर्षं बाजारात उकिडवं बसायचं, वलांडीवर हात उंचावून बोंबील टांगायचे, टोपली डोक्यावर घेऊन टमटमच्या पायरीवर चढायचं. साठी ओलांडली आणि गुडघ्यांनी बोंब मारायला सुरुवात केली. उठताना जमिनीला हात टेकायचा आणि "आई गं" म्हणायचं, हे नित्याचं झालं.

तिच्याकडे औषध होतं. तेही आयचंच. निर्गुडीचा पाला सावलीत वाळवायचा, त्यात सुंठ, मेथी आणि एरंडाचं मूळ कुटून घालायचं, पातळ फडक्यातून चाळायचं आणि सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर घ्यायचं. गावात कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा आखडला, की लोक गोदूबाईच्या ओट्यावर यायचे. ती कागदाची पुडी बांधून द्यायची आणि बजावायची, "तीन म्हयने घे, मंग बोल." तीन महिन्यांनी कुणाला बरं वाटायचं, कुणाला नाही. जादू नव्हती ती. पण पुडीतलं काय ते तिला पानापानानिशी ठाऊक होतं.

दीड वर्षापूर्वी निमेश सुट्टीला आला. मावशीला उठताना बघून म्हणाला, "मावशी, आजीचा औषध असा पुडीत का ठेवतेस? डबीत भरू. तुजा फोटो लावू. मी कंपनीत रोज बघतो, लोक साध्या खोकल्याच्या गोळीवर किती विश्वास टाकतात. आनि आपला तर खरा औषध हाय."

"माजा फोटो?" गोदूबाई हसून लोटपोट. "या थोबाडाचा? मासळी पन घेयाची नायत लोक!"

पण आतून ती सुखावली. का नाही सुखावणार? आयचं नाव राहणार होतं. तिने नवं लुगडं नेसलं, अंबाड्यात वेणी माळली आणि वलांडीसमोर उभी राहिली. निमेशने मोबाइल धरला. आधी फोटो काढला, मग व्हिडिओ. "मावशी, गिऱ्हाइकासमोर बोंबील खातेस ना? तसाच खा. अगदी तसाच." तिने चमचाभर चूर्ण तोंडात टाकलं, वर पाणी प्यायली आणि मोबाइलकडे बघून म्हणाली, "मी दातिवऱ्याची गोदूबाई. आधी मी खाते, मंग तुमाला देते."

तेच डबीवर छापलं गेलं. हिरवी डबी, त्यावर वेणी माळलेली हसरी गोदूबाई, वर मोठ्या अक्षरांत 'गोदूमावशी गुडघेसुख चूर्ण' आणि खाली 'आधी स्वतः खाते, मग देते'. पहिली डबी निमेशने देवासमोर ठेवली, दुसरी तिच्या हातात दिली. म्हणाला, "रोज घे. चुकवू नको."

आणि काय सांगावं! तिसऱ्या दिवशी गोदूबाई जमिनीला हात न टेकता उठली. आठव्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन टमटममध्ये अशी चढली, की ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, लगीन ठरला काय?" भूक वाढली, अंगात जोर आला, झोप मात्र कमी झाली. महिन्याभरात बसलेले गाल भरून आले. बाजारात बाया तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या. कुणी काही विचारायच्या आत गोदूबाई डबी काढून दाखवायची.

तिला शंका आली नाही असं नाही. एकदा तिने फोनवर विचारलं, "निम्या, आयच्या औषधाला तीन म्हयने लागायचे. हा तीन दिवसांत कसा लागू झाला रे?"

"मशीनवर दळतो मावशी. बारीक दळला की लवकर लागतो."

तिला पटलं. आपला तो बाब्या, दुसरं काय! आयचं माशीचं वाक्य पदराच्या गाठीला होतं, पण गाठ सोडून बघावी असं तिला वाटलं नाही.

उलट ती दुप्पट कामाला लागली. दर आठवड्याला निर्गुडीचा पाला गोळा करायचा, सावलीत वाळवायचा, सुंठ-मेथी उखळात कुटायची, चाळायची, गोणीत भरायची आणि टमटमवाल्याच्या ओळखीने सालवडला पोचती करायची. हाताला फोड आले तरी दुसऱ्या कुणाला कुटायला देत नव्हती. "औषध हाय, मसाला नाय," म्हणायची.

आता जमना. गोदूबाईच्या शेजारचं घर तिचं आणि बाजारातली शेजारची जागाही तिचीच. दोघी एका वर्षी लग्न होऊन दातिवऱ्यात आल्या, एकाच टमटमने चाळीस वर्षं गेल्या-आल्या, भांडल्या, अबोला धरला, पुन्हा एकीने दुसरीची टोपली उचलून दिली. जमनाचे गुडघे गोदूबाईपेक्षा वाईट. पण तिला साखर होती, गोळ्या चालू होत्या, त्यामुळे ती बिचकत होती.

"नको गं, मी कायबाय नाय खात. डागतर ओरडतो."

"कायबाय?" गोदूबाईला राग आला. "माज्या आयचा औषध तुला कायबाय वाटते? तुज्या पोराच्या येळेला कंबर धरलेली तेवा कुनाची पुडी खाल्लेलीस?" आणि तिने तिथेच, जमनाच्या ओट्यावर बसून, डबी उघडून चमचाभर चूर्ण आपल्या तोंडात टाकलं. मग तोच चमचा भरून जमनापुढे धरला. "घे. आधी मी खाल्ला."

जमनाने खाल्लं. आणि तिचेही गुडघे पळायला लागले. दोघी म्हाताऱ्या त्या वर्षी शिमग्याला होळीभोवती फेर धरून नाचल्या. गाव बघत राहिलं.

शिमगा सरला आणि जमनाच्या पायाच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा गेला. मासळीवाल्यांना काटा लागणं म्हणजे काय, रोजचंच. हळद दाबली, चिंधी बांधली, लागली कामाला. पण महिना झाला तरी जखम भरेना. अंगठा आधी लाल झाला, मग निळा, मग काळा. तहान एवढी लागायची की जमना कळशीला तोंड लावून बसायची. गोदूबाई रोज तिची चिंधी बदलायची आणि रोज सकाळी तिला चमचाभर चूर्णही द्यायची, ताकद राहावी म्हणून. शेवटी एक दिवस जमना ओट्यावरच कोसळली. तिच्या मुलाने, दर्पणने, रिक्षा करून तिला पालघरला दवाखान्यात नेलं. तिथे अंगठा कापला, शेजारचं बोटही कापलं. पाय वाचेल की नाही ते चार दिवसांनी सांगू, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गोदूबाई पेज घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला सरळ. तिने जमनाच्या पिशवीतली हिरवी डबी हातात धरली होती. गोदूबाई समोर आली तशी तिने डबीवरच्या फोटोकडे बघितलं, मग गोदूबाईकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"ही तुम्हीच ना?"

"हो बाय, मीच," गोदूबाई म्हणाली. खोटं कशाला बोला, तिला अजूनही थोडं कौतुकच वाटलं.

"फोटोत गाल एवढे नाहीत तुमचे. हा चेहरा असा गोल कधीपासून झाला? हे चूर्ण खायला लागल्यापासून?"

गोदूबाईचा हात आपल्या गालावर गेला.

"मावशी, ही ताकद नाही, ही सूज आहे. तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही, पण माझ्या अंदाजाने यात स्टेरॉइड आहे. दुखणं झाकतं, माणूस पळायला लागतो, आणि आतून साखर वाढत जाते. जखम भरत नाही. या बाईंची साखर पाचशेच्या वर होती. तुम्हीही खाताय, तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. माझ्याकडे या, हळूहळू कमी करू."

गोदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माज्या आयचा औषध हाय ता! निर्गुडी, सुंठ, मेथी, एरंडाचा मूळ. माज्या हाताने कुटते मी. इष घालीन मी जमनीला?"

डॉक्टरीणबाई चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग जिथे डबी भरतात तिथून थोडं आणून दाखवा. मी चुकले असेन तर मला आनंदच होईल."

"आनतेच!" म्हणून गोदूबाई पेजेचा डबा तिथेच टाकून निघाली. पालघरहून बोईसरला गाडीने आणि तिथून रिक्षाने सालवडला. वाटेत तिने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. निमेशकडून दळलेलं चूर्ण घ्यायचं, आपली गोणी दाखवायची आणि त्या शिकल्यासवरल्या बाईच्या टेबलावर आपटायची. जमनाचा अंगठा कशाने गेला ते जमनाचं नशीब. आपल्या आयला कुणी बोल लावायचं काम नाही.

निमेश पहिल्या पाळीला गेला होता, अजून आला नव्हता. हिमानी बाजारात. खोलीत माई एकटीच पाय पसरून बसली होती आणि गुडघ्यांना तेल चोळत कण्हत होती.

गोदूबाईला हसूच आलं. "काय वो माई, घरात दुकान आनि तुमी तेल चोळता? आपला चूर्ण नाय खात?"

"कुठलं खाते!" माई म्हणाली. "मी दहादा मागितलं. जावईबापू हात लावून देत नाहीत. म्हणतात, माई, ते तुमच्यासाठी नाही, तुम्हाला सोसायचं नाही. तुम्ही आपलं तेल लावा."

गोदूबाई उभी होती ती तशीच राहिली. बाहेर कंपन्यांचा तो आंबूस वास भरून आला होता, त्यात कुठूनतरी निर्गुडीचाही वास येत होता. ती वासाच्या मागे शेजारच्या खोलीकडे गेली.

तिथे दार लोटलेलं होतं. आत एक माणूस तोंडाला रुमाल बांधून डब्या भरत होता. तिला बघून त्याने रुमाल काढला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. "अरे, माताजी! आप तो डिब्बेवाली माताजी हो!" रामनाथ त्याचं नाव. उत्तरेकडून आलेला, दोन कंपन्यांतून सुटलेला, आता इथे लागलेला. बिचारा खुशीत होता. साक्षात डबीवरची बाई समोर आली होती ना!

गोदूबाईने विचारलं, "कसा बनवते रे, दाखव जरा." त्यानेही हौसेने दाखवलं. एका पिंपात तपकिरी भुकटी होती. "ये सादा पाउडर, मेथी का छिलका और मुलतानी मिट्टी." शेजारी प्लॅस्टिकची पांढरी पिशवी होती. "और ये सफेद वाला. यही असली चीज है माताजी. गोली आती है, मिक्सर में पीस लेते हैं. निमेश भाई बोले हैं, नाप के डालना."

"आनि ह्या?" गोदूबाईने कोपऱ्यात बोट दाखवलं.

कोपऱ्यात गोण्या रचलेल्या होत्या. तिच्याच गोण्या. प्रत्येकीच्या तोंडाला तिने बांधलेली निळी जाळीची दोरी तशीच्या तशी होती. वरची एक तेवढी उघडलेली. खालच्या गोण्यांना भोकं पडली होती आणि त्यांतून कुटलेला, किडा लागलेला पाला जमिनीवर सांडला होता.

"वो हरा वाला? वो तो बस खुशबू के लिए. एक चुटकी."

गोदूबाई खाली बसली. गोणीवर हात ठेवून बसून राहिली. सव्वा वर्ष तिने तो पाला कुटला होता. हाताचे फोड फुटले होते, पुन्हा आले होते. आयच्या औषधातलं डबीत काही नव्हतं. होता तो फक्त वास, आणि डबीवर तिचं तोंड.

निमेश आला तेव्हा ती तिथेच होती. त्याने दारातून सगळं बघितलं आणि रामनाथला बाहेर जायला सांगितलं. नाकारायचा प्रयत्नही केला नाही त्याने. नाकारला असता तर बरं झालं असतं, निदान लाज आहे एवढं तरी कळलं असतं.

"मावशी, रागावू नको. तुजा औषध खरा असल, पन तीन म्हयने कोन थांबते आता? लोकांना आज घेतला की उद्या गुडघा चालायला पायजे. मी काय जहर नाय घातला. डागतर पन हाच देतात."

"डागतर बघून देते. साखर हाय काय, जखम हाय काय इचारते. तू कुनाला इचारलास?" तिचा आवाज चढत नव्हता, याचंच तिला नवल वाटलं. "जमनीचा अंगठा गेला निम्या. लहानपनी तुला ताप आला की जमनी उशाला बसायची."

त्याने मागे दार ओढून घेतलं.

"माईला नको बोललास. तिला सोसनार नाय बोललास. मंग मला कशाला दिलास रे?"

निमेशने सांडलेला पाला पायाने कोपऱ्यात लोटला. मग म्हणाला, "तू लंगडत बाजारात गेली असतीस तर डबी कोनी घेतली असती, मावशी?"

घ्या! केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आधी खायचं, मग द्यायचं, हे त्याने तिच्याच कडेवर बसून बघितलं होतं, शेकडो वेळा. त्यातलं नेमकं काय कामाचं ते त्याने उचललं आणि तिलाच गिऱ्हाइकांसमोर मोडायचा बोंबील केलं. गोदूबाईने हात उगारला. उगारलेला हात खाली आला तो त्याच्या गालावर नाही, पांढऱ्या पिशवीवर. तिने त्यातली मूठभर भुकटी रुमालात बांधली, एक भरलेली डबी घेतली, आपल्या गोणीतला मूठभर किडका पालाही घेतला आणि निघाली. मागून तो म्हणाला, "मावशी, कुनाला दाखवू नको, मी जेलात जाईन." तिने ऐकलं. वळली नाही.

रडू मात्र तिला रिक्षात आलं. एवढं आलं की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन पाणी दिलं.

पालघरला तिने रुमाल डॉक्टरीणबाईच्या टेबलावर ठेवला. आपटला नाही.

"हे कुणी बनवलं, ठाऊक आहे तुम्हाला?" डॉक्टरीणबाईने विचारलं. "मला वर कळवावं लागेल. नाव लागेल."

गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. "लिवा. निमेश. सालवडला र्‍हाते. माजा पोरगा हाय."

तीस वर्षांत पहिल्यांदा ती असं म्हणाली.

मग ती जमनाच्या खाटेजवळ गेली. जमना जागी होती. पायाला पांढरं भलं मोठं गाठोडं बांधलेलं. तिने इकडेतिकडे बघितलं, दर्पण नाही हे बघून गोदूबाईला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "आनलीस काय गं?"

"काय?"

"डबी. या लोकांनी काढून घेतली. डागतरनीला काय कळते? दोन दिवस दुसऱ्याच गोळ्या देते. गुडघे नुसते ठनकतात बघ. चमचाभर दे तुज्या हातचा, पटकन. कोनी नाय बघत."

गोदूबाईला वाटलं जमीन फाटावी. हिने शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकली असती, तर ती सोसली असती. हे सोसायचं कसं?

"जमने," ती म्हणाली, "नाय खायाचा आता ता. त्यात माज्या आयचा काय पन नवता. निम्याने दुसरा घातलेला. तुजी साखर त्यानेच वाढली. अंगठा त्यानेच गेला."

जमनाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हाही तिचा विश्वास बसेना. ती गोदूबाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पन तू आधी खाल्लास," ती म्हणाली. "माज्या ओट्यावर बसून. मी बघितला ना."

"हो. खाल्ला."

"मंग?"

मग काय? मलाही ठाऊक नव्हतं, असं गोदूबाई म्हणाली असती, आणि ते खरंच होतं, पण अंगठा गेलेल्या बाईपुढे ते तोंडातून निघेना. जमनाने मान भिंतीकडे वळवली.

पाय वाचला. जमना घरी आली, काठी घेऊन ओट्यावर बसते, पण तिच्या ओट्यावरून गोदूबाईला हाक येत नाही. सालवडच्या खोलीला सील लागलं. निमेशचा पत्ता नाही, हिमानीचा फोन लागत नाही. डॉक्टरीणबाईने चूर्णाऐवजी दिलेल्या गोळ्या कमी कमी करत आणल्या तशी गोदूबाईच्या तोंडावरची सूज उतरली आणि गुडघे पहिल्यासारखे, खरं तर पहिल्यापेक्षा वाईट झाले. ती बाजारात मात्र जायला लागली. पहिल्या दिवशी तिने टोपली उतरवायच्या आधी, मासळी विकायला लावतात तोच खडा आवाज लावून सगळ्या बाजाराला सांगितलं, "माज्या फोटोचा चूर्ण खाऊ नका गं कोनी! एकदम सोडू पन नका, आधी डागतरला दाखवा! त्यात खोट हाय!" काही बायांनी तोंडाला पदर लावला. काही म्हणाल्या, मावशी-भाच्याचं काहीतरी फाटलं असेल. एक-दोघी दुपारी हळूच येऊन विचारून गेल्या, घरात एखादी डबी उरलीय का.

शेजारची जमनाची जागा रिकामी होती.

तेवढ्यात मेघाली आली. माकुणसारची बाई, शाळेत शिकवते, तिच्या सासूपासूनचं हे गिऱ्हाईक. "मावशी, पन्नास बोंबील द्या. बरे आहेत ना?"

गोदूबाईचा हात आपसूक टोपलीत गेला. तिने एक बोंबील उचलला, कटकन मोडला, अर्धा तोंडाशी नेला. मेघाली सवयीने वाट बघत उभी होती. पिशवीचं तोंड तिने आधीच उघडून धरलं होतं.

गोदूबाईचा हात तिथेच थांबला. तिने तो तुकडा खाली आणला आणि दोन्ही अर्धे मेघालीच्या हातावर ठेवले.

"तूच खाऊन बघ बाय," ती म्हणाली. "नीट चावून बघ. माज्या खान्यावर जाऊ नको."